आधी आईचे ऐका

आज २ एप्रिल. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर २००७ रोजी ठराव करून हा दिवस ऑटिझमविषयीच्या जागृतीसाठी राखला आणि २००८ पासून तो जगभर पाळला जातो. आज ठिकठिकाणी इमारतींवर निळे दिवे लागतील, शाळांच्या फेऱ्या निघतील, बालरोगतज्ज्ञांची व्याख्याने होतील. हे सगळे व्हायलाच हवे. ‘ऑटिझम’ आणि ‘स्वमग्नता’ हे शब्द आता शहरांतल्या मराठी घरांत बऱ्यापैकी रुळले आहेत, याचे श्रेय अशा दिवसांनाही आहे. एक गोष्ट मात्र जिथल्या तिथे राहिली आहे. मुलाच्या वाढीत काही वेगळे आहे हे बहुधा सर्वांत आधी त्याच्या आईच्या लक्षात येते आणि घरापासून दवाखान्यापर्यंत सर्वांत उशिरा विश्वास बसतो तो तिच्याच सांगण्यावर. यात जो वेळ हातचा जातो, त्याविषयी आज लिहायचे आहे.

आईला दिसते ते काय? बाळाला नावाने हाक मारली तर ते वळून पाहत नाही, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येते. म्हणजे कानाने ऐकू येते. खिडकीतली चिऊ दाखवायला बोट केले, तर ते बोटाच्या रोखाने बघत नाही. स्वतःहूनही कधी ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवत नाही. फडताळावरचा डबा हवा असेल तर आईचे मनगट धरून तो हात डब्याकडे नेते, जणू हात वेगळा आणि आई वेगळी. खेळण्यातली मोटार चालवण्याऐवजी ती उलटी करून तिचे चाक फिरवत बसते. काही मुले दीड वर्षाची होईपर्यंत चार शब्द बोलतात आणि पुढच्या काही महिन्यांत ते चारही शब्द हरवतात. यातले एखादे लक्षण असले म्हणजे मूल ऑटिस्टिक आहे असे अजिबात नाही. पण वर्षाच्या बाळाची बडबड किंवा हातवारे नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे नाही, किंवा आलेली भाषा कोणत्याही वयात गेली, तर ‘बघू पुढे’ म्हणण्याची सोय उरत नाही. तपासणी लगेच करायची, एवढाच त्याचा अर्थ.

आता तिला उत्तर काय मिळते ते आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे, अनेकांनी दिलेलेही आहे. ‘मुलगे उशिराच बोलतात.’ ‘याचा बाप तरी कुठे लवकर बोलला होता?’ ‘जीभ जड आहे, वेखंड उगाळून लाव.’ ‘घरात माणसं नाहीत, मग मूल बोलणार कुणाशी?’ ‘तू फार नेटवर वाचतेस.’ यातले काहीही दुष्टाव्याने बोलले जात नाही. सासूबाईंना नातवाची काळजी असते, शेजारच्या काकूंना धीर द्यायचा असतो, आणि खुद्द आईलाही ते खरे ठरावे असे वाटत असते. अनेकदा डॉक्टरही गजबजलेल्या ओपीडीत दोन मिनिटे मुलाकडे पाहून ‘सहा महिन्यांनी या’ म्हणतात. ते सहा महिने संपतात, मग बेरा चाचणी होते, कान उत्तम निघतात, पुन्हा काही महिने समाधानात जातात. निदान होईपर्यंत मूल चार-पाच वर्षांचे झालेले असते. संवादाची, खेळाची, दुसऱ्याकडे पाहून शिकण्याची पायाभरणी ज्या वयात होते, नेमके ते वय आपल्या धीराच्या शब्दांत खर्ची पडलेले असते.

आईवर विश्वास न ठेवण्याची ही रीत केवळ आपल्या घरांची नाही. ऑटिझमच्या वैद्यकीय इतिहासातच ती खोलवर रुजली आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या डोनाल्ड ट्रिपलेट या मुलाला १९३७ मध्ये, तो चार वर्षांचाही झालेला नसताना, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून घरापासून दूर एका संस्थेत ठेवले गेले. मूल तिथे आणखी मिटत गेले. वर्षभराने आईवडिलांनी, संस्थेचा सल्ला न जुमानता, त्याला घरी आणले. वडील वकील होते. त्यांनी मुलाचे बारीकसारीक वर्णन करणारे ३३ पानी टंकलिखित पत्र बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांना पाठवले. १९४३ मध्ये कॅनर यांनी ११ मुलांवरचा जो निबंध प्रसिद्ध केला आणि ज्यातून ऑटिझमची आजची ओळख सुरू झाली, त्यातले पहिले मूल म्हणजे डोनाल्ड. आईबापांनी पाहिलेले, लिहून ठेवलेले आणि हट्टाने डॉक्टरांपर्यंत पोचवलेले निरीक्षण या शास्त्राच्या मुळाशी आहे.

आणि तरीही त्याच कॅनर यांनी पुढे या मुलांचे पालक थंड, भावनाशून्य असल्याचे चित्र रंगवले. त्यातून ‘रेफ्रिजरेटर मदर’ ही क्रूर कल्पना जन्मली. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून तिला लोकप्रियता दिली. आईने मनापासून माया केली नाही म्हणून मूल आत वळले, असा हा सिद्धान्त. अनेक वर्षे सुशिक्षित, सुजाण स्त्रियांना हे तोंडावर सांगितले गेले आणि त्यांनी ते मानले. ते खोडून काढायलाही पालकच पुढे आले. ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच पुस्तक लिहून ऑटिझमचे कारण शरीरात, मेंदूच्या घडणीत शोधायला हवे असे ठामपणे मांडले. लंडनमध्ये १९६२ मध्ये पालकांनी संस्था काढली. त्या चळवळीतल्या डॉ. लोर्ना विंग स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि ऑटिस्टिक मुलीची आईही. ज्युडिथ गूल्ड यांच्यासह त्यांनी लंडनच्या कँबरवेल भागातील मुलांचा अभ्यास करून १९७९ मध्ये दाखवून दिले, की कॅनर यांच्या काटेकोर चौकटीत न बसणारी कितीतरी मुले याच वाटेवर आहेत. आज आपण ज्याला ‘स्पेक्ट्रम’ म्हणतो ती दृष्टी त्यांची. १९६९ मध्ये पालकांच्या एका सभेत कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. तोवर एका पिढीतल्या आयांचे आयुष्य अपराधी भावनेत गेले होते.

दोष देण्याची जागा पुढे बदलली, बोट मात्र आईकडेच राहिले. फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अवघ्या १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. हा निबंध नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, वेकफील्ड यांचा वैद्यकीय परवाना गेला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये पुन्हा एकदा सिद्ध झाले की असा संबंध नाही. तरी मुलाला लस टोचून आणणारी आई आजही रात्री त्या दिवसाचा हिशेब मांडत बसते. आपल्याकडे सध्या या जागी मोबाइल आला आहे. लहान मुलाच्या हाती तासन्‌तास पडदा देऊ नये हे खरेच. त्याने बोलणे रेंगाळू शकते. पण ऑटिझम मोबाइलमुळे होत नाही. जुळ्यांचे आणि कुटुंबांचे मोठे अभ्यास सांगतात, की ऑटिझमच्या कारणांत सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. शेकडो जनुके त्यात गुंतलेली आहेत आणि मेंदूची ही वेगळी घडण बहुतांशी जन्माआधीच सुरू झालेली असते. गरोदरपणी आई नोकरी करत होती, तिने डोहाळे पुरवून घेतले नाहीत, ती मुलाशी कमी बोलली, यापैकी कशानेही मूल ऑटिस्टिक होत नाही. हे वाक्य प्रत्येक घरात, आईच्या समोर आणि बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले गेले पाहिजे.

निदान झाल्यावर खरे समजून घेणे सुरू होते, आणि इथेही आईचे डोळे सर्वांत कामाचे असतात. बाहेरून जो हट्ट दिसतो त्याला बहुतेक वेळा कारण असते. मिक्सर लावला की मूल कानांवर हात घेऊन किंचाळते, कारण तो आवाज त्याला आपल्यापेक्षा अनेकपट टोचतो. शर्टाच्या कॉलरमागचे लेबल त्याला दिवसभर ओरखडत राहते. वरण आणि भात वेगळे वाढले तर खाते, कालवले की ताट भिरकावते. शाळेची रोजची वाट खोदकामामुळे बदलली की रिक्षात रडून आकांत करते, कारण त्या वाटेचा क्रम ही त्याच्या दिवसातली एकमेव खात्रीची गोष्ट होती. लग्नाच्या हॉलमध्ये, मिरवणुकीतल्या ढोलताशांपुढे, न्हाव्याच्या मशीनपाशी ज्याला लोक ‘आईने लाडावून ठेवलंय’ म्हणतात तो मेल्टडाऊन असतो. त्या क्षणी मुलाचा स्वतःवर ताबा नसतो. दटावून तो थांबत नाही, आवाज आणि गर्दी कमी केल्यावर ओसरतो. अशा वेळी बघ्यांची गर्दी हटवणे, एक शांत कोपरा दाखवणे आणि सल्ला न देणे, एवढे केले तरी त्या आईचा दिवस निभावतो.

बोलण्याचेही तसेच. मुलाला तहान लागली की ते म्हणते, ‘तुला पाणी हवंय का?’ ऐकणारे हसतात. पण पाणी मिळते त्या वेळी त्याच्या कानी हेच वाक्य पडलेले असते, म्हणून ते वाक्य त्याच्यासाठी पाण्याची मागणी आहे. मोठी माणसे ज्याला पोपटपंची समजतात तो बहुतेकदा संवादाचा प्रयत्न असतो. मराठी घरांत याला आणखी एक पदर आहे. घरात सारे मराठी बोलत असताना मूल कार्टूनमधली इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी म्हणू लागते, आणि मग कुणीतरी सल्ला देते, की आता घरात इंग्रजीच बोला, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होईल. आजवरच्या संशोधनात दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचे नुकसान होते असे आढळलेले नाही. या सल्ल्याने नुकसान होते ते वेगळेच. आजी-आजोबा एका फटक्यात मुलाच्या संवादातून बाहेर फेकले जातात आणि आई स्वतःच्या मुलाशी उसन्या, अडखळत्या भाषेत बोलू लागते. ज्या भाषेत तिला सहज लाड करता येतात, रागावता येते, गाणे म्हणता येते, तीच भाषा तिने बोलावी.

मुलींचा उल्लेख वेगळा करायला हवा. मुलग्यांत ऑटिझमचे निदान मुलींच्या तिपटी-चौपटीने होते, पण अनेक मुलींचे निदान राहूनच जाते असे आता अभ्यासक मानतात. गप्प बसणारी, इतर मुलींचे पाहून तसेच वागायचा आटोकाट प्रयत्न करणारी मुलगी आपल्याकडे ‘शहाणी’ ठरते. तिची दमछाक कुणाला दिसत नाही.

किती मुलांचा हा प्रश्न आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ जणांमागे एक व्यक्ती ऑटिस्टिक होती. भारतात पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दर आठांमागे सुमारे एका मुलात मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण तिला आढळली, आणि ऑटिझम ही त्यातली एक. म्हणजे जवळपास प्रत्येक शाळेत अशी मुले आहेत. त्यांच्यासाठी पुरेसे थेरपिस्ट ना मुंबई-पुण्यात आहेत, ना गडचिरोली-नंदुरबारला. मग करायचे काय?

याचे एक उत्तर गोव्यातूनच आले आहे. ‘संगत’ या संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीतील सहकाऱ्यांसह ६५ मुलांच्या कुटुंबांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये २०१६ साली आले. तज्ज्ञ थेरपिस्टऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते पालकांना भेटत. आई मुलाशी खेळतानाचे चित्रण करून दोघे ते एकत्र पाहत: मूल कुठे पाहत होते, तिने त्याच्या मागे जाण्याऐवजी त्याला कुठे ओढले, कुठे दोन क्षण थांबली असती तर त्याने स्वतःहून काही मागितले असते. अशी बारा सत्रे. त्यानंतर पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. ज्या आईला दोषी ठरवण्यात शास्त्राने इतकी वर्षे घालवली, तिलाच हाताशी धरल्यावर काय होते ते या प्रयोगाने दाखवले. आपल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविकांना हे काम शिकवता येईल. त्यासाठी त्यांच्या मानधनाचा आणि आधीच असलेल्या कामाच्या बोजाचा प्रश्न मात्र सरकारला टाळता येणार नाही.

निदान उशिरा झालेल्या, थकलेल्या पालकांभोवती एक बाजारही उभा आहे. स्टेम सेलची इंजेक्शने, उच्च दाबाच्या प्राणवायूच्या पेट्या, रक्तातले ‘विषारी धातू’ काढणारी औषधे. या नावाखाली लाखो रुपये उकळले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नसल्याचे स्पष्ट केले. हे उपचार विकणाऱ्यांवर फौजदारी कारवाई व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑटिझम बरा करायचा आजार नाही. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, विशेष शिक्षण यांनी मुलाला बोलते, स्वावलंबी आणि सुखी करता येते, आणि त्यासाठी शेतजमीन किंवा दागिने गहाण टाकण्याची वेळ कुणावर येऊ नये.

कागदावर आपले कायदे चांगले आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमची दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ दिव्यांगत्वांत त्याचा समावेश केला. प्रमाणित दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तरी दर उन्हाळ्यात प्रवेशाच्या दिवसांत तीच वाक्ये कानी येतात: ‘आमच्याकडे स्पेशल एज्युकेटर नाही’, ‘बाकीचे पालक तक्रार करतात’, ‘शॅडो टीचर तुम्ही आणा, पगारही तुम्ही द्या’. हा नकार गोड शब्दांत दिला जातो, लेखी कधीच नाही. शिक्षण विभागाने शाळांना एक साधा नियम घालून द्यावा: दिव्यांग मुलाला प्रवेश नाकारायचा तर कारण लेखी द्यायचे. बहुतेक नकार तिथेच विरतील.

आणि प्रत्येक पालकाच्या मनातला शेवटचा प्रश्न, ‘आमच्यानंतर याचे काय?’ अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याने आईबापांचे पालकत्व आपोआप संपते. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व मिळवावे लागते, हेसुद्धा अनेकांना बँकेच्या खिडकीशी गेल्यावरच कळते. प्रौढांसाठी निवासाच्या सोयी मोजक्या आहेत, रोजगार त्याहून कमी. डोनाल्ड ट्रिपलेटचे पुढे काय झाले ते इथे सांगण्यासारखे आहे. तो गावातच वाढला, महाविद्यालयात गेला, गावच्या बँकेत त्याने सहा दशकांहून अधिक काळ काम केले, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. घरची संपत्ती होती, बँक कुटुंबाचीच होती, हे खरे. पण त्याच्या चमत्कारिक सवयी पोटात घालून त्याला आपला मानणारे गावही होते. ते पैशाने विकत घेता येत नाही. आपल्या सोसायट्यांना, वाड्यांना आणि गावांना ते जमण्यासारखे आहे.

या सगळ्याची सुरुवात मात्र पहिल्या शंकेपाशीच व्हायला हवी. तुमची सून, मुलगी, वहिनी, शेजारीण किंवा घरी कामाला येणारी ताई जर म्हणाली, की ‘माझं बाळ हाकेला बघत नाही’, तर तिला उदाहरणे सांगू नका, वेखंड सुचवू नका, तिच्या सासरच्या कुणाचे उशिरा बोलणे आठवू नका. तिचे पूर्ण ऐका आणि तिच्यासोबत जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमध्येच झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची वाढ तपासणे हे त्या कार्यक्रमाचे काम आहे आणि त्याच्या यादीत ऑटिझमही आहे. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत येतात. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथे पैसे पडत नाहीत.